साठ विजय आणि एक पिचर: जुन्या आकड्यांची झाडाझडती

२८ जुलै १८८४ रोजी फिलाडेल्फियात नॅशनल लीगचा एक सामना झाला. पाहुणा संघ होता प्रॉव्हिडन्स ग्रेज. त्यांच्या सायक्लोन मिलरने पाच इनिंग पिचिंग केलं आणि तो थांबला तेव्हा संघ ७-४ ने पुढे होता. उरलेल्या चार इनिंग चार्ल्स रॅडबर्नने टाकल्या, एकही धाव दिली नाही, आणि प्रॉव्हिडन्सने सामना ११-४ असा जिंकला. हा विजय कोणाच्या नावावर मांडायचा? त्या वेळच्या स्कोअररला रॅडबर्नच्या चार इनिंग अधिक मोलाच्या वाटल्या आणि त्याने विजय त्याला देऊन टाकला. आजच्या नियमाप्रमाणे तो मिलरला जातो आणि रॅडबर्नच्या वाट्याला नुसता एक ‘सेव्ह’, म्हणजे आघाडी राखल्याची नोंद, येतो.

या एका नोंदीमुळे बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा अजूनही डळमळतो आहे. एका हंगामात एका पिचरने मिळवलेले सर्वाधिक विजय काही ठिकाणी ५९ छापले जातात, काही ठिकाणी ६०. एडवर्ड अकॉर्न यांनी २०१० मध्ये या हंगामावर पुस्तक लिहिलं, तर त्याच्या नावातच ५९ आहे. अनेक नव्या नोंदींत मात्र ६० दिसतात. ‘ओल्ड हॉस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाच्या कारकिर्दीची बेरीजही त्यामुळे ३०९ किंवा ३१० अशी दुहेरी झाली आहे.

एका विजयावरचा हा वाद रंजक आहे, पण तो फारसा महत्त्वाचा नाही. खरा प्रश्न असा की ५९ असोत वा ६०, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या या आकड्याने आज काय कळतं? हीच शंका त्या काळच्या सगळ्या पिचरांना लागू पडते. पड गॅल्विन, टिम कीफ, जॉन क्लार्कसन, मॅट किलरॉय यांचे आकडे आज अविश्वसनीय वाटतात. कोणी त्यांना देवपण देतो, कोणी म्हणतो तो खेळच वेगळा होता, सोडून द्या. दोन्ही मतं आळशी आहेत.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला मुळात हा ‘विजय’च खटकेल. क्रिकेटचा सामना संघ जिंकतो, गोलंदाजाच्या नावावर बळी जमा होतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा एक विजय आणि एक पराभव दोन्ही बाजूंच्या एकेका पिचरच्या नावे लिहिण्याची रीत आहे. आज एका सामन्यात एकाच संघाचे चार-पाच पिचर येऊन जातात, त्यामुळे ही रीत हास्यास्पद वाटू शकते. एकोणिसाव्या शतकात ती तशी नव्हती, कारण ज्याने पहिला चेंडू टाकला तोच बहुधा शेवटचाही टाकत असे.

रॅडबर्नने १८८४ मध्ये ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ पूर्ण केले. एकूण इनिंग ६७८ पूर्णांक दोन तृतीयांश. स्ट्राइक-आउट ४४१. अकरा वेळा प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखलं. प्रॉव्हिडन्सने त्या हंगामात ८४ सामने जिंकले आणि २८ गमावले, म्हणजे जिंकलेल्या दर सात सामन्यांपैकी पाच या एकट्याचे. आज मोठ्या लीगमधला संघ हंगामात १६२ सामने खेळतो. त्याचा पहिल्या फळीचा पिचर त्यातले तीस-बत्तीस सुरू करतो आणि दोनशे इनिंग टाकल्या तरी त्याचं कौतुक होतं.

आकडे थक्क करणारे आहेत, पण त्यांच्या शेजारी काय उभं आहे तेही पाहिलं पाहिजे. सिनसिनाटीच्या विल व्हाइटने १८७९ मध्ये ७५ सामने सुरू केले, ७५ पूर्ण केले आणि ६८० इनिंग टाकल्या. तेही चष्मा लावून, आणि मोठ्या लीगमध्ये चष्मा लावून खेळणारा तो पहिला. त्याच १८८४ मध्ये लुईव्हिलच्या गाय हेकरने ६७० इनिंग टाकून ५२ सामने जिंकले. बफेलोच्या गॅल्विनने ६३६ इनिंग टाकल्या आणि ४६ विजय मिळवले, बरोबर तितकेच विजय त्याने आदल्या वर्षीही मिळवले होते. पुढच्या वर्षी शिकागोच्या क्लार्कसनने ६२३ इनिंगमध्ये ५३ सामने जिंकले. सहाशेच्या वर इनिंग टाकणं हा तेव्हा चमत्कार नव्हता, नोकरीचा भाग होता. हंगाम शंभर-सव्वाशे सामन्यांचा, त्यात अधूनमधून सुटीचे दिवस, आणि मालक दोनपेक्षा जास्त पिचरांना पगार द्यायला तयार नसत.

‘पूर्ण केलेल्या’ सामन्यांचं कोडंही नियमात डोकावलं की सुटतं. त्या काळात जखमी किंवा आजारी झाल्याशिवाय खेळाडू बदलताच येत नसे. पिचर दमला तर मैदानातल्याच दुसऱ्या कोणाशी त्याने जागा बदलायची, एवढाच मार्ग. म्हणून संघ आपल्या दुसऱ्या पिचरला राइट फील्डमध्ये उभा करून ठेवत. या नियमाची किंमत प्रॉव्हिडन्सने फार महाग मोजली आणि रॅडबर्नचा तो हंगाम घडला तोही त्यातूनच.

ती हकीगत थोडक्यात अशी. हंगामाच्या सुरुवातीला संघाकडे दोन पिचर होते, रॅडबर्न आणि तरुण चार्ली स्वीनी. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. ७ जूनला स्वीनीने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात १९ जणांना स्ट्राइक-आउट केलं. मग तो चमकू लागला आणि रॅडबर्न धुसफुसू लागला. जुलैच्या मध्यात बोस्टनविरुद्धच्या एका सामन्यात मुद्दाम ढिलं पिचिंग केल्याच्या आरोपावरून क्लबने रॅडबर्नलाच निलंबित केलं. सहा दिवसांनी, २२ जुलैला, फिलाडेल्फियाविरुद्ध स्वीनी दारूच्या अमलाखाली खेळत होता. मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला राइट फील्डमधल्या मिलरशी जागा बदलायला सांगितलं. स्वीनीने नकार दिला आणि सरळ मैदान सोडलं. बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे प्रॉव्हिडन्स आठ जणांनिशी खेळला आणि हातातला सामना घालवून बसला. क्लबने स्वीनीला काढून टाकलं.

आता क्लबजवळ भरवशाचा पिचर उरला तो निलंबित रॅडबर्न. संघच मोडीत काढावा असा विचार संचालकांच्या मनात आला होता. रॅडबर्नने सौदा पुढे ठेवला: वाढीव पैसे द्या, हंगाम संपल्यावर करारातून मोकळं करा, उरलेले सामने मी टाकतो. त्या काळच्या ‘रिझर्व्ह’ कलमामुळे खेळाडू क्लबला जवळजवळ बांधलेला असे, क्लबने सोडलं तरच दुसरीकडे जाता येई. त्यामुळे या मागणीचं वजन मोठं होतं. पुढच्या दोन महिन्यांत त्याने जवळजवळ प्रत्येक सामना टाकला. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत प्रॉव्हिडन्सने सलग वीस सामने जिंकले, त्यातले अठरा रॅडबर्नचे. ही मालिका बफेलोत गॅल्विनने २-० अशी तोडली. सकाळी उठल्यावर रॅडबर्नला केस विंचरायलाही हात वर करता येत नसे, अशा गोष्टी नंतर खूप सांगितल्या गेल्या. त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती हे ठरवणं अवघड आहे, पण हाताची दशा झाली नसती तरच नवल. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी तीन दिवसांत तीन सामन्यांची ‘वर्ल्ड सिरीज’ झाली. तिन्ही सामने रॅडबर्नने टाकले आणि जिंकले, आणि २२ इनिंगमध्ये एकही अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय गेलेली धाव, दिली नाही. तिसऱ्या सामन्यात अंपायर म्हणून कोण उभं राहिलं असेल? समोरच्या संघाचाच पिचर टिम कीफ.

सौदा पूर्ण झाल्यावर रॅडबर्न मोकळा झाला खरा, पण पुढच्या वर्षी तो प्रॉव्हिडन्समध्येच राहिला. तिथे त्याने २८ सामने जिंकले, २१ हरले. १८८४ ची उंची त्याने पुन्हा कधीच गाठली नाही.

तो कोणत्या अंतरावरून आणि कसा चेंडू टाकत होता, हे पाहिल्याशिवाय मात्र ४४१ या आकड्याला अर्थ नाही. १८८० पर्यंत पिचर आणि बॅटर यांच्यात ४५ फूट अंतर होतं. १८८१ पासून ते ५० झालं. त्या वेळी पिचर एका आखलेल्या चौकटीत उभा राही आणि त्या चौकटीत त्याला पाऊल टाकायला, थोडा झोक घ्यायला मुभा होती. हात किती वर न्यायचा यावर अनेक वर्षं बंधन होतं: आधी कमरेखालून, १८८३ मध्ये खांद्यापर्यंत, आणि १८८४ मध्ये नॅशनल लीगने ते बंधन काढून टाकलं. क्रिकेटने खांद्यावरून हात फिरवण्याला मान्यता दिली ती १८६४ मध्ये, म्हणजे तब्बल वीस वर्षं आधी. रॅडबर्नच्या विक्रमाचं साल आणि हात मोकळा झाल्याचं साल एकच असणं हा योगायोग नाही. त्या वर्षी स्ट्राइक-आउटचं पीकच आलं. युनियन असोसिएशन या एकाच वर्षात गुंडाळल्या गेलेल्या तिसऱ्या लीगमध्ये ह्यू डेली नावाच्या पिचरने एका सामन्यात १९ स्ट्राइक-आउट केले. त्याला डावा पंजा नव्हता. एका सामन्यातला हा १९ चा आकडा पुढे काहींनी गाठला, पण नऊ इनिंगमध्ये २० पर्यंत पोचायला १९८६ साल आणि रॉजर क्लेमेन्स यावा लागला.

तीन लीग म्हणजे खेळाडूंची पातळी विरळ होणं हे ओघानेच आलं. पण बॅटरच्या बाजूने काही सवलती होत्या, त्या आज कोणाला सांगून पटणार नाहीत. चेंडू उंच हवा की खाली, हे बॅटर अंपायरला सांगू शके आणि पिचरला तिथेच टाकावा लागे. फाउल गेलेला चेंडू स्ट्राइक धरला जात नसे, तो नियम नॅशनल लीगमध्ये १९०१ मध्ये आला. म्हणजे बॅटर फाउल मारून मारून पिचरला थकवू शकत होता. उलट चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारी फुकटची बेस तेव्हा सहा चेंडूंवर मिळे. हा आकडा ९ पासून ४ पर्यंत यायला दहा वर्षं लागली. दरवर्षी कुठला ना कुठला नियम बदलत होता, त्यामुळे १८८४ ची तुलना आजशी काय, १८८७ शीही सरळ होत नाही.

याचा उत्तम पुरावा म्हणजे मॅट किलरॉय. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या या वीस वर्षांच्या डावखुऱ्या पोराने ५१३ जणांना स्ट्राइक-आउट केलं. तो विक्रम आजही उभा आहे. नोलन रायनचा १९७३ चा आधुनिक विक्रम ३८३ चा. पण किलरॉयच्या इनिंग ५८३, रायनच्या ३२६. दर नऊ इनिंगमागे हिशोब केला तर किलरॉयला आठपेक्षा थोडे कमी मिळतात, रायनला साडेदहा. रॅडबर्नचा १८८४ चा हाच हिशोब सहाच्याही खाली येतो. किलरॉयने त्या वर्षी सामने जिंकले २९ आणि गमावले ३४.

पुढच्या वर्षी, फक्त १८८७ पुरता, बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक लागतील असा नियम आला. उंच-खाली मागण्याची सोय गेली ती मात्र कायमची. किलरॉयचे स्ट्राइक-आउट ५१३ वरून २१७ वर कोसळले. हात तोच, वय कोवळं, इनिंग थोड्या जास्तच. विजय मात्र २९ वरून ४६ वर गेले! लुईव्हिलचा टोड रॅम्सी १८८६ मध्ये ४९९ वर थांबून किलरॉयच्या मागे राहिला होता. चार स्ट्राइकच्या वर्षी त्याने ३५५ घेतले. विक्रमांच्या यादीत ५१३ सर्वांत वर आहे, पण ज्याला खेळ समजून घ्यायचा आहे त्याने रॅम्सीच्या ३५५ वर जास्त वेळ थांबावं. त्याच्या समोरच्या प्रत्येक बॅटरला एक जादा संधी होती.

त्याच १८८७ ने बॅटरांचे आकडेही फुगवले. फुकटच्या बेसला त्या वर्षी ‘हिट’ धरलं जाई, त्यामुळे सेंट लुईसच्या टिप ओनीलची सरासरी .४९२ नोंदली गेली. फुकटच्या बेस वगळल्यावर ती .४३५ उरली. असाच आणखी एक नमुना शिकागोच्या लेकफ्रंट पार्कचा. तिथे उजवीकडचं कुंपण दोनशे फुटांच्याही आत होतं. त्यावरून गेलेला चेंडू आधी दोन बेसचा धरत, १८८४ मध्ये त्याला होमरन धरायचं ठरलं आणि नेड विल्यमसनने २७ होमरन ठोकले. त्यातले २५ घरच्या मैदानावर. बेब रूथने १९१९ मध्ये तो मोडेपर्यंत तो विक्रम होता. पिचरांच्या आकड्यांवर शंका घेणाऱ्यांनी बॅटरांचे आकडेही तितक्याच कडक नजरेने पाहिले पाहिजेत.

या सगळ्यात फसवा आकडा कोणता असेल तर तो रॅडबर्नच्या १८८४ च्या अर्न्ड रन सरासरीचा, १.३८. पिचरने दर नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या, त्यातल्या क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या वजा करून, असा हा हिशोब. रॅडबर्नने त्या हंगामात एकूण २१६ धावा दिल्या, आणि त्यातल्या फक्त १०४ त्याच्या खात्यावर धरल्या गेल्या. निम्म्याहून जास्त धावा सहकाऱ्यांच्या चुकांच्या! आज ते प्रमाण अगदीच थोडं असतं. कारण उघड आहे: बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवत. प्रॉव्हिडन्सचा शॉर्टस्टॉप आर्थर अर्विन याने बोटं मोडल्यावर १८८५ मध्ये गादी भरलेला हातमोजा वापरायला सुरुवात केली आणि त्यानंतर तो पसरला, यावरून आधीची अवस्था लक्षात यावी. मैदानं ओबडधोबड, अंपायर एकच, आणि शिवण उसवेपर्यंत तोच चेंडू.

त्यामुळे १.३८ ला कीर्तीचं लेणं समजण्याआधी त्याच वर्षीच्या त्याच लीगकडे पाहावं. नॅशनल लीगची सरासरी तीनच्या आसपास होती, रॅडबर्नची तिच्या निम्म्याहून कमी. त्याच उघड्या हातांसमोर, त्याच ५० फुटांवरून इतरही टाकत होते. आणि हे त्याने साठ-सत्तर नव्हे, ६७८ इनिंगमध्ये केलं. टिम कीफची १८८० मधली ०.८६ ही सरासरी आजही सर्वांत कमी म्हणून छापली जाते, पण ती अवघ्या १०५ इनिंगमधली, आणि त्यात त्याचे विजय सहा, पराभवही सहा. लेखकाला विचाराल तर रॅडबर्नची खरी थोरवी ६० मध्ये नसून इथे आहे: इतकं ओझं वाहूनही दर्जा खाली आला नाही. तरीही तो त्या वर्षीचा निर्विवाद सर्वश्रेष्ठ ठरतो असं नाही. संघाची मदत वजा करून प्रत्येक खेळाडूची किंमत काढणारे काही आधुनिक हिशोब गॅल्विनचा १८८४ चा हंगाम रॅडबर्नच्या वर ठेवतात. बफेलो हा प्रॉव्हिडन्सइतका भक्कम संघ नव्हता.

गॅल्विनकडे तसं फार कोणी पाहत नाही. गोल बांध्याचा हा माणूस सहा हजारांहून अधिक इनिंग टाकून गेला, ६४६ सामने पूर्ण केले, आणि तीनशे विजयांचा टप्पा गाठणारा पहिला ठरला. तीनशेहून अधिक पराभवही त्याच्या नावावर आहेत, म्हणून तो बहुधा मागे पडला. १९०२ मध्ये पिट्सबर्गला तो गरिबीत वारला. मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळायला १९६५ उजाडलं. रॅडबर्नला ती १९३९ मध्येच मिळाली होती. तोही १८९७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला वारला होता. शिकारीतल्या अपघातात एक डोळा गमावल्यावर तो लोकांसमोर फारसा येत नसे.

विजयांचा हिशोब किती लवचिक होता याचं आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण त्यात न्याय उलटासुलटा झाला आहे. कीफने १८८८ मध्ये न्यूयॉर्ककडून सलग १९ सामने जिंकले. त्यातल्या एका सामन्यात संघाने ९-० अशी आघाडी घेतल्यावर दोन इनिंगनंतर त्याला विश्रांती देण्यात आली आणि विजय मात्र त्याच्याच नावे राहिला. आजच्या नियमात सुरुवात करणाऱ्या पिचरला विजयासाठी पाच इनिंग टाकाव्या लागतात, म्हणजे तो विजय त्याला मिळाला नसता. १९१२ मध्ये रूब मारक्वर्डने सलग १९ जिंकून या विक्रमाशी बरोबरी केली. त्यानेही एक सामना नंतर येऊन जिंकून दिला होता, पण स्कोअररने त्याचं श्रेय दुसऱ्याला दिलं. आजच्या नियमाने पाहिलं तर कीफचे १८ आणि मारक्वर्डचे २०. विक्रमांच्या पुस्तकात दोघे शेजारी उभे आहेत.

एवढे आकडे ठेवले कोणी, हाही या प्रश्नाचा भाग आहे. बेसबॉलच्या धावफलकाचा पाया घातला तो हेन्री चॅडविकने. जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, बालपणी ब्रुकलिनला आला, आणि पत्रकार म्हणून सुरुवात केली ती क्रिकेटच्या बातम्यांनी. क्रिकेटच्या स्कोअरकार्डची सवय त्याने नव्या खेळात आणली. त्याचा सावत्र भाऊ एडविन चॅडविक, ज्याच्या १८४२ च्या अहवालाने इंग्लंडच्या शहरांच्या गटारांकडे आणि मृत्यूदराकडे लक्ष वेधलं. आकडेमोड घराण्यातच होती म्हणायची. हेन्रीला वाटे की आकड्यांनी खेळाडूचा खरा वकूब कळतो. पण त्याच्या काळातल्या वर्तमानपत्रांनी छापलेले फलक एकमेकांशी जुळत नसत, आणि अर्न्ड रनची सरासरी तर नॅशनल लीगने अधिकृतपणे १९१२ पासूनच ठेवायला सुरुवात केली. म्हणजे रॅडबर्नने आपल्या हयातीत १.३८ हा आकडा अधिकृत नोंदीत कधी पाहिला नाही.

तो आपल्यापर्यंत आला तो नंतरच्या संशोधकांमुळे. १९६९ मध्ये मॅकमिलन कंपनीचा बेसबॉल एन्सायक्लोपीडिया निघाला. त्यासाठी जुन्या नोंदी आणि वर्तमानपत्रं चाळून प्रत्येक खेळाडूचा हिशोब नव्याने मांडला गेला. त्याआधी नेमलेल्या एका समितीने वादग्रस्त बाबींवर निर्णय दिले. १८८७ च्या फुकटच्या बेस ‘हिट’ धरायच्या नाहीत हा त्यातला एक. १८७१ ते १८७५ पर्यंतची नॅशनल असोसिएशन ‘मोठी लीग’ धरायची नाही, हा दुसरा. त्यामुळे अल स्पॉल्डिंगने बोस्टनसाठी १८७५ मध्ये जिंकलेले पन्नासहून अधिक सामने एका फटक्यात मुख्य यादीबाहेर गेले. पुढे खेळाचं सामान विकणारी प्रसिद्ध कंपनी काढणारा तोच हा स्पॉल्डिंग. १९७१ मध्ये हौशी संशोधकांची संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर तर प्रत्येक सामन्याची फेरतपासणी सुरू झाली. ५९ आणि ६० चा वाद जिवंत राहिला त्याचं श्रेय याच चिकाटीला.

पण तपासणी कितीही बारीक केली तरी काही नावं या याद्यांत येणारच नाहीत. १८८४ मध्ये टोलेडोकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर खेळत होता. त्याच संघाचा पिचर टोनी मुलेन, दोन्ही हातांनी टाकू शकणारा, त्या वर्षी ३६ सामने जिंकला. आपण वॉकरच्या खुणा मानत नव्हतो आणि मनाला येईल तसा चेंडू टाकत होतो, असं मुलेनने पुढे स्वतःच सांगितलं, आणि आपल्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर वॉकरच होता हेही कबूल केलं. मुलेनच्या ३६ विजयांत आणि त्याच्या बेभान चेंडूंत वॉकरचा वाटा किती, याचा कुठलाही रकाना नाही. जॉर्ज स्टोव्ही या कृष्णवर्णीय पिचरने १८८७ मध्ये नेवार्ककडून इंटरनॅशनल लीगमध्ये तीसहून जास्त सामने जिंकले. त्याच वर्षी जुलैत शिकागोच्या कॅप अॅन्सनने कृष्णवर्णीयांशी खेळायला नकार दिला आणि स्टोव्हीला त्या सामन्यातून बाजूला ठेवलं गेलं. पुढच्या काही वर्षांत मोठ्या आणि दुय्यम लीगची दारं त्यांच्यासाठी बंद झाली. रॅडबर्न, कीफ, क्लार्कसन यांचे सगळे विक्रम अशा मैदानावर झाले, जिथे काही प्रतिस्पर्धी खेळूच दिले गेले नाहीत.

खेळाचा चेहरा पालटला १८९३ मध्ये. न्यूयॉर्कच्या अमोस रूसीचा वेग बॅटरांना झेपेना म्हणून पिचिंगचं अंतर ६० फूट ६ इंच केलं, असं नेहमी सांगितलं जातं. एका माणसावर हे सारं टाकणं ठीक नाही, मुळात धावा कमी होत चालल्या होत्या आणि प्रेक्षकांना फटके हवे होते. शिवाय वाढ साडेदहा फुटांची वाटते तशी नव्हती. जुन्या चौकटीची मागची रेषा १८८७ पासून ५५ फूट ६ इंचांवर होती आणि पिचरचा मागचा पाय तिथेच असे, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ पाच फुटांची. पाच फूटही पुरेसे ठरले. १८९२ मध्ये नॅशनल लीगमध्ये दर सामन्याला प्रत्येक संघ सरासरी पाच धावा काढत होता, दोन वर्षांत ते सातच्या वर गेलं. लीगची बॅटिंग सरासरी .२४५ वरून .३०९ वर चढली. रूसीने १८९० मध्ये ३४१ स्ट्राइक-आउट केले होते, १८९३ मध्ये त्याला २०८ मिळाले, आणि तरीही तो त्यात लीगमध्ये पहिला होता.

अशी उलथापालथ इंग्रजी क्रिकेटमध्येही पाहायला मिळते. सरेचा जॉर्ज लोहमन १८८६ ते १८९६ या काळात १८ कसोटी खेळला आणि ११२ बळी घेतले, सरासरी १०.७५. त्याच्या बळींमध्ये उघड्या, पावसाने भिजलेल्या खेळपट्ट्यांचा आणि नवख्या दक्षिण आफ्रिकेचा वाटा मोठा आहे. पण लोहमनला कोणी भाग्यवान मध्यमवेगी म्हणून झटकून टाकत नाही, कारण त्याच खेळपट्ट्यांवर टाकणाऱ्या इतरांपेक्षा तो पुष्कळ पुढे होता. पिचरांनाही हीच फूटपट्टी लावली तर प्रत्येक जण आपापल्या जागी बसतो. बोस्टनच्या किड निकोल्सने सात हंगामांत तीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकले, त्यातले काही जुन्या अंतरावरून आणि काही नव्या. तो पूल ओलांडून टिकलेले थोडेच.

त्यात सर्वांत मोठं नाव साय यंगचं. त्याच्या ५११ विजयांपैकी २८६ त्याने १९०० संपेपर्यंत मिळवले होते. १८९२ मध्ये जुन्या अंतरावरून ३६, १८९३ मध्ये नव्या अंतरावरून ३४. त्याची अर्न्ड रनची सरासरी दोनच्या आतून साडेतीनच्या जवळ गेली, पण सगळ्या लीगचीच वाढली होती. ७४९ पूर्ण सामने आणि सात हजारांवर इनिंग हे आकडे कोणी मोडणार नाही, कारण ते मोडायची संधीच आता कोणाला मिळत नाही. विसाव्या शतकातही १९०४ मध्ये जॅक चेस्ब्रोने ४१ सामने जिंकले. त्यानंतर एका हंगामात तीस जिंकणारा शेवटचा पिचर डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन, १९६८ मधला.

यंगच्या नावाचा पुरस्कार १९५६ पासून त्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम पिचरला दिला जातो. पहिली काही दशकं मत देणारे पत्रकार आधी विजयांचा रकाना पाहत. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २१७ इनिंग टाकल्या, २६९ स्ट्राइक-आउट केले, सरासरी १.७० राखली. त्याच्या संघाचे बॅटर मात्र त्याच्या दिवशी हमखास झोपत, त्यामुळे त्याच्या नावावर दहा विजय आणि नऊ पराभव होते. तीसपैकी एकोणतीस पत्रकारांनी पहिल्या पसंतीचं मत त्यालाच दिलं.